चोवीस अंशांचं घर

माझ्या भावाला तुम्ही घरात भेटलात तर म्हणाल, हा मंद आहे. पाणी पुढे केलंत तर पेल्याकडे नुसता बघत बसेल. कसा आहेस विचारलंत तर उत्तर येईपर्यंत तुमचा चहा संपेल, आणि उत्तर तरी काय, तर "बरा." त्यालाच भर दुपारी गच्चीवर भेटा. पारा बावन्नवर, आवाराची फरशी पेटलेली, आभाळात एक कावळा दिसत नाही. तिथे तो शिट्टी वाजवत जिना चढेल, तुमची टिंगल करेल, तीन विषयांवर एकदम बोलेल. ऐकायला तुम्ही शुद्धीवर राहिलं पाहिजे, एवढीच अट.

आमच्या सावद्यात अशांना पक्के म्हणतात. उरलेले आम्ही सगळे कच्चे. पक्क्यांना सरकारने दिलेलं लांबलचक नाव आहे, पण ते उच्चारता उच्चारता माणसाला धाप लागते, म्हणून कोणी ते घेत नाही.

मी रूपाली बऱ्हाटे. फैजपूर रस्त्याला केळी पिकवायचं जे चेंबर आहे ते माझं. लग्न केलं नाही. ज्यांनी मागणी घातली ते मला पटले नाहीत आणि जो पटला तो आलाच नाही, त्याचं रडगाणं आता कशाला. लोकेश माझा धाकटा भाऊ, वीज कंपनीत लाईनमन. धनश्री त्याची बायको, माझ्याबरोबर चेंबर सांभाळते. आणि जुई त्यांची लेक, नऊ वर्षांची, तोंडाने थेट माझ्यावर गेलेली. घर एकच, खाली मी आणि वर ते तिघं. वरचा एसी कायम चोवीसवर असतो. तो तिसावर नेला तरी लोकेशला काडीचा फरक पडत नाही, त्याला हवेत चाळीसच्या वर. मग आपण तरी कशाला उकडून घ्यायचं, म्हणून चोवीस.

माणसाला पक्कं करणारी लस लोकेशने हौसेने घेतली नव्हती. दोन उन्हाळ्यांपूर्वी त्याचा जोडीदार प्रमोद सकाळी खांबावर चढला आणि कमरेच्या पट्ट्यात तसाच लोंबकळत राहिला. त्याला ऊन लागलं होतं. लोकेशने त्याला खाली उतरवला, तेव्हा त्याच्या अंगाला हात लावता येत नव्हता म्हणे. त्यानंतर कंपनीने फतवा काढला, पुढच्या उन्हाळ्यापासून खांबावर फक्त पक्के चढतील. ज्याला लस घ्यायची नसेल त्याने दुसरं काम बघावं. दुसरं काम काय झाडाला लागलंय? धनश्रीच त्याला हात धरून लसीच्या केंद्रावर घेऊन गेली. "मला हा रोज संध्याकाळी जिवंत परत आलेला पाहिजे," म्हणाली. तसा तो रोज येतो जिवंत परत.

ही भानगड नेमकी काय आहे ते मला त्या केंद्रातल्या डॉक्टर सरोदेबाईंनी समजावलं, तसंच सांगते. शरीरातलं एकेक काम एकेक प्रथिन करतं. प्रथिन म्हणजे लांब साखळी, पण ती ठरलेल्या घडीत बसली तरच कामाची. ती घडी काम करताना जरा हलावी लागते. आपल्या सदतीस अंशांना ती बरोबर हलते. अंग बेचाळीसच्या पुढे तापलं की ती उसवायला लागते. अंडं फोडून तव्यावर टाकलं की पातळ भाग घट्ट पांढरा होतो, आणि मग तवा कितीही गार केला तरी तो परत पातळ होत नाही. माणसाला ऊन लागतं तेव्हा आत हेच सुरू झालेलं असतं.

आता आपल्या उनपदेवासारखे गरम पाण्याचे झरे असतात, त्यात जीवाणू मजेत राहतात. ते शिजत का नाहीत? तर त्यांच्या घड्यांना जागोजाग जास्तीचे टाके घातलेले असतात. त्या तापल्या तरी उसवत नाहीत. पण टाके घातलेली घडी सहजासहजी हलतही नाही, तिला हलायला उष्णता लागते. म्हणून तेच जीवाणू गार पाण्यात टाका, मढ्यासारखे पडून राहतात. कोणा हुशार माणसाने हे टाके मनुष्यप्राण्याला घालायची लस काढली. सोबत मेंदूतलं जे केंद्र अंगाचं तापमान ठरवतं, तेही वर सरकवलं. पक्क्या माणसाचं अंग बेचाळीसवर असतं. घरात बसला की ते निवत जातं, आधी हातपाय, मग जीभ, शेवटी डोकं, आणि एकेक घडी जागच्या जागी मिटते. बॅटरीवर तापणाऱ्या बंड्या निघाल्या होत्या मध्यंतरी, त्यांनी कातडी भाजायची आणि आतला गारठा तसाच राहायचा. टाके काढता येतात का, असं मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "भाजलेल्या मडक्याची परत माती करता येते का, रूपालीताई?"

तर असा यांचा संसार. दुपारी जेवणाच्या सुट्टीत लोकेश गच्चीवर यायचा. धनश्री ओला टॉवेल डोक्यावर टाकून वर जायची आणि टॉवेल वाळेपर्यंत नवऱ्याशी बोलून घ्यायची. भांडणं, लाडीगोडी, जुईची शाळा, सासरमाहेर, सगळं एका टॉवेलात बसवायचं. जुईला वर जायची बंदी होती. ती जिन्याच्या दाराआड बसून ओरडून प्रश्न विचारायची आणि तो वरून ओरडून उत्तरं द्यायचा. सगळ्या गल्लीला पाढे पाठ झाले.

एप्रिलातल्या एका दुपारी मीही टॉवेल घेऊन वर गेले होते, वाळवणाचे पापड काढायला. तेव्हाच त्याने विषय काढला.

"धना, जुईला लस देऊन टाकू."

धनश्रीला आधी वाटलं तो चेष्टा करतोय. "डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"इथे आहे. खाली नसतं, ते तुला माहितीये." तो हसला, पण लगेच गंभीर झाला. "लहानपणी दिली तर अंगात चांगली मुरते म्हणतात. आणि हे ऊन काय कमी होणार आहे? ती मोठी होईल तेव्हा साठ होईल. ती काय जन्मभर दार लावून बसेल?"

"सगळी मुलं बसतात, ती पण बसेल."

"ती रात्री माझ्या मांडीवर बसते. कविता म्हणून दाखवते." लोकेश कठड्याला टेकला. त्या कठड्यावर मी बोट टेकवू शकत नव्हते. "मी शाब्बास म्हणेपर्यंत ती उठून गेलेली असते गं. रोज. रोज मी शाब्बास म्हणतो आणि समोर कोणी नसतं."

धनश्रीचा चेहरा लाल झाला होता, उन्हाने की कशाने कोण जाणे. "आणि मी? तुम्ही दोघं इथे वर खिदळत बसाल आणि मी खाली एसीत भिंतींशी बोलू?"

"तूही घे."

"मला देतात का? लहानपणच्या तापाने माझ्या हृदयाची झडप गेलीय, मला टोचली तर टेबलावरच जाईन मी. हे तुला माहीत असून तू..." तिने टॉवेल कपाळावर ओढला. "तुला तुझ्यासाठी सोबत पाहिजे. पोरीसाठी नाही मागत आहेस तू."

"हो, पाहिजे," लोकेश म्हणाला. "तुला नकोय का?"

टॉवेल वाळला होता. ती जिन्यावरून उतरताना दोनदा भिंतीला धडकली. मी पापड तसेच टाकून तिच्यामागे उतरले.

त्याने अर्ज केला. आईबापाचं एकमत नसेल तर केंद्राचे डॉक्टर दोघांचं म्हणणं तोंडी ऐकतात आणि निर्णय देतात, असा नियम आहे. ज्याने अर्ज केला त्याने आपलं म्हणणं स्वतः मांडायचं, नाही मांडलं तर अर्ज बाद. आता पक्का माणूस थंड कचेरीत काय डोंबल मांडणार? म्हणून केंद्रात एक गरम खोली केलेली आहे. पक्के तिथे बसतात, मध्ये काच, काचेपलीकडे डॉक्टर.

आम्ही चौघं माझ्या गाडीने गेलो. लोकेश मागे टपावर बसला होता, उन्हात, गाणी म्हणत. मी त्यांना दारात सोडलं आणि गाडी सावलीला लावायला गेले. सावली सापडायला वेळ लागला. आत आले तर ते तिघं थंड दालनातल्या बाकावर बसलेले.

"इथे कशाला बसलात?" मी विचारलं.

"गरम खोलीचा हीटर बिघडलाय," धनश्री म्हणाली. "दोन मिनिटांचं तर काम आहे, ताई. अजून ऊन आहे त्यांच्या अंगात, बोलतील."

लोकेशने माझ्याकडे बघून मान डोलावली. अजून ठीक होता. तेवढ्यात आमचं नाव पुकारलं. धनश्री उठली आणि मागे कडेवर तान्हं घेऊन उभ्या असलेल्या बाईला म्हणाली, "तुमचं लहान बाळ आहे हो, तुम्ही जा आधी." ती गेली. मग एका म्हाताऱ्याला म्हणाली, "आजोबा, तुम्ही कशाला ताटकळताय, व्हा पुढे." मग एका पोटुशीला. लोक तिला आशीर्वाद देत होते. असली गोड माझी भावजय मी आधी कधी बघितली नव्हती, आणि मी मूर्ख, मला कौतुक वाटत होतं.

जुईने माझी बाही ओढली. "आत्या, ती खोली चालू आहे. दारावर लाल दिवा लागलाय. मी जाऊन बघून आले."

मी धनश्रीकडे बघितलं. तिने माझं मनगट धरलं, असं की तिची नखं रुतली. "ताई, माझी एकुलती एक आहे," एवढंच म्हणाली. लोकेशचे हात एव्हाना मांडीवर निवले होते. त्याची नजर समोरच्या भिंतीवर होती आणि ओठ जरासे उघडे.

मग आम्ही आत गेलो. डॉक्टर सरोदेबाई भल्या आहेत, पण दिवसभर माणसं बघून कंटाळल्या होत्या. "बऱ्हाटे, तुमचं म्हणणं सांगा. अर्ज तुमचा आहे ना?"

लोकेशच्या घशात काहीतरी हललं. "जु..." इतकं आलं. आम्ही वाट बघितली. बाई पाणी प्यायल्या, त्यांनी घड्याळ बघितलं. "...ई," तो म्हणाला.

"ते म्हणताहेत, जुईला नको," धनश्री म्हणाली. "काल रात्रीच आमचं बोलणं झालं. त्यांना पटलंय."

"खरं का हो, बऱ्हाटे?"

लोकेश मान वळवायला लागला. ती मान बायकोकडे वळत होती की नकारार्थी हलत होती, कोणाला कळणार?

"खोटं आहे!" जुई किंचाळली. "पप्पा असं नाही म्हणत आहेत! त्यांना गरम खोलीत न्या, मग विचारा! आत्या, तू सांग ना!"

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघितलं. मलाही त्या पोरीच्या अंगात ते टाके नको होते, आणि आजही मला त्याची लाज वाटत नाही. "अर्ज बाद," बाई म्हणाल्या. "बाळ, तुझे आईबाबा तुझ्या भल्याचंच बघणार. पुढचे कोण आहेत?"

बाहेर आवारात आल्यावर उन्हाने लोकेशला हळूहळू जाग आली. आधी डोळे हलले, मग खांदे. मला वाटलं आता हा आरडाओरडा करेल, चारचौघांत शोभा होईल. तो शांतपणे म्हणाला, "खोली चालू होती."

"होती," धनश्री म्हणाली.

"तू हात धरून मला थंडीत नेऊन बसवलंस."

"हो, बसवलं. आणि परत बसवेन."

तो तिथूनच निघाला. आमच्या चेंबरच्या पुढे कंपनीची पत्र्याची मोठी शेड आहे, तिथे बिनघरचे पक्के राहतात, तिथे जाऊन राहिला. गच्चीवरही यायचा बंद झाला. जुईने आईशी बोलणं टाकलं. धनश्री तिच्या आवडीचं करून वाढायची, पोरगी जेवायची आणि उठून जायची. "राहू दे," धनश्री मला म्हणायची. "रुसली तरी थंड सावलीत बसून रुसलीय ना? मला तेवढं पुरे."

मे महिन्यातल्या एका दुपारी जुई डोक्यावर ओला टॉवेल टाकून घराबाहेर पडली. रस्ते ओस होते, तिला अडवायला चिटपाखरू नव्हतं. घरापासून शेडपर्यंत मोठ्या माणसाचाही टॉवेल पोचेपर्यंत वाळतो. लोकेश तेव्हा आमच्या चेंबरजवळच्याच खांबावर होता. त्याला वरून रस्त्यात काहीतरी लहानसं पडलेलं दिसलं. कुत्रं असेल असं त्याला वाटलं. मग फ्रॉक दिसला.

आमच्याकडे ऊन लागलं की कोणी दवाखाना शोधत नाही. जवळचं केळीचं चेंबर शोधतात. आत चौदा अंश असतात, मोठे पंखे असतात, माणूस ओला करून आत टाकायचा, मग गाडी बोलवायची. कितीतरी जण असे वाचलेत. आम्ही लहानपणापासून हेच बघत आलोय, आणि लोकेशनेही तेच केलं. पोरीला उचलली, धावत आला, दारातल्या हौदातलं पाणी तिच्या आणि स्वतःच्या अंगावर ओतलं आणि पडदा लोटून आत शिरला. आपण आता कच्चे नाही, हे त्याच्या लक्षातच आलं नाही. डोक्याला ठाऊक होतं, पायांना नव्हतं.

मी आणि धनश्री मागच्या बाजूला क्रेट रचत होतो. पंख्यांच्या आवाजात आम्हाला काही ऐकू आलं नाही. पुढे आलो तर क्रेटच्या दोन रांगांमध्ये तो उभा. एक पाय पुढे, अंगावरून पाणी ओघळतंय, छातीशी जुईला गच्च धरलेली. तिचे डोळे पांढरे झाले होते.

"सोड!" धनश्री ओरडली. "लोकेश, खाली ठेव तिला!"

त्याचे हात निवून आवळले गेले होते, पण छाती अजून तापलेलीच होती. बेचाळीस अंशांची छाती, आणि तिला चिकटलेली ती भाजून निघालेली पोर. ती चौदा अंशांच्या खोलीत होती आणि बापाच्या अंगावर शिजत होती. तो सोडायला बघत होता, हे मी शपथेवर सांगते. त्याचे डोळे बघितलेत मी. सोडायचा निरोप बोटांपर्यंत पोचतच नव्हता. आम्ही दोघींनी ओढलं. मी त्याच्या कोपराला लटकले. काही हलेना.

मग धनश्रीने त्याची करंगळी धरली आणि उलटी मोडली. मग शेजारचं बोट. मग त्याच्या शेजारचं. तो आवाज पंख्यांच्या वरून ऐकू आला. लोकेशच्या तोंडून हूं की चूं नाही. आम्ही जुईला ओढून काढली, जमिनीवर निजवली, गाडी बोलावली, तिच्या अंगावर पाणी मारत राहिलो, आणि त्यानंतर मागे तो ओरडला. इतका वेळ लागला त्या ओरडण्याला वर यायला.

केंद्रात सरोदेबाईच होत्या. जुईचं अंग तोवर निवलं होतं, पण बाईंनी मान हलवली. "ताप उतरला, पण आत जे उसवायचं ते उसवलंय. यकृत, मूत्रपिंड, एकेक थांबत चाललंय. धनश्री, एकच औषध आहे माझ्याकडे, ते कोणतं हे तुला कळलं असेल."

"लस?" मी विचारलं.

"पहिल्या मात्रेत तयार प्रथिनं असतात. ती उसवलेल्या साखळ्यांना धरून परत घडीत बसवतात, तासाभरात काम सुरू होतं. पण त्यांच्यासोबत ते टाकेही येतात. एक ठेवून दुसरं काढून मला देता येत नाही."

धनश्रीने काचेतून आत बघितलं. नळ्या लावलेली पोर, पायात अजून एकच चप्पल. लोकेश बाहेर आवारात उन्हात उभा होता, हाताला कोणीतरी फडकं गुंडाळलं होतं. त्याला विचारायची गरजच नव्हती.

"द्या," ती म्हणाली.

जुई वाचली. महिनाभराने तिला घरी सोडताना बाईंनी धनश्रीला समोर बसवून सांगितलं. मोठ्या माणसाचं ठीक आहे, तो थंडीत नुसता थांबतो. मुलाचा मेंदू वाढता असतो, आणि वाढायला त्याच्या घड्या हलाव्या लागतात. हिला दिवसाचा बहुतेक वेळ चाळीसच्या वर ठेवा. पक्क्यांच्या मुलांची वेगळी शाळा आहे, तिथे घाला. बापाजवळ ठेवा. थंडीत ठेवलीत तर ही नऊ वर्षांचीच राहील. धनश्री सगळ्याला हो हो म्हणाली. घरी आली, वरचं दार लावून घेतलं आणि एसी तिसावर लावला.

मी भांडले. घसा बसेपर्यंत भांडले. तिच्याकडे उत्तर तयार होतं. "ताई, केळी आपण एकदम गारठ्यात टाकतो का? टाकली तर काळी पडतात. रोज अर्धा-एक अंशाने उतरवतो, मग कशी सोसतात? हिलाही सवय होईल. मी हिला हळूहळू चोवीसवर उतरवणार आहे."

"ती केळ आहे का गं?"

"माझी मुलगी आहे," धनश्री म्हणाली, आणि जुईच्या केसांना तेल लावायला बसली.

काय सांगू तुम्हाला, इतकी सुखी मी तिला कधी बघितली नव्हती. सकाळी पोरीला न्हाऊ घालायची, दोन वेण्या घालायची, मांडीवर घेऊन भरवायची. घास तोंडात तसाच राहायचा, मग हनुवटी धरून हलवायची. दिवसभर तिच्याशी बोलायची. "बघा ताई, किती शहाणी झालीय. हट्ट नाही, उलट उत्तर नाही. रुसवा पण गेला." जुई भिंतीकडे बघत बसलेली असायची. मी समोर जाऊन बसले की थोड्या वेळाने तिची नजर माझ्याकडे यायला निघायची, आणि ती पोचेपर्यंत मला बघवायचं नाही, मी उठून जायचे.

लोकेश रोज दुपारी बाहेरच्या जिन्यावर यायचा आणि खिडकीच्या काचेवर तळवे टेकून पोरीला हाका मारायचा. दोनदा तो दार ढकलून आत घुसला. दोन्ही वेळा आतल्या बोळातच निवून थांबला. पहिल्या वेळी धनश्रीने त्याला दुपारभर तसाच उभा ठेवला, येताजाता त्याच्या बाजूने निघून जायची. शेवटी शेजारच्या दोघांना बोलावून मी त्याला उचलून उन्हात आणला. दुसऱ्या वेळी बाहेर आणल्यावर तो माझ्या पायाशी बसला. "ताई, मला आत जाता येत नाही. तिला बाहेर येता येत नाही. तूच आहेस."

मी दोन दिवस जेवले नाही. मला धनश्रीची कीव येत होती आणि तिचा संतापही येत होता. तिसऱ्या दिवशी दुपारी सरोदेबाईंचा फोन आला. मुलीला शाळेत का पाठवत नाही, म्हणाल्या, गेलेले दिवस तिला परत मिळणार नाहीत. मी फोन ठेवला आणि वर गेले.

जुई पलंगावर बसली होती, गळ्यापर्यंत चादर. धनश्री तिला गोष्ट सांगत होती. मी काही न बोलता पोरीला उचलली. हलकी झाली होती माय वं, नुसती हाडं. धनश्रीला आधी कळलंच नाही. मग तिने जुईचे पाय धरले.

"ताई, नको हो. आत्ता कुठे सवय होतेय तिला. एकच अंश उतरायचा राहिलाय, मग मी स्वतः..."

"सोड, धनश्री."

"ताई, माझं दुसरं कोणी नाही."

तिचे हात मी सोडवले. कसे, ते विचारू नका. बोळातून चालत गेले, कोपराने कडी काढली आणि दार उघडलं. ऊन तोंडावर फाडकन आलं. लोकेश जिन्याच्या वरच्या पायरीवर उभा होता. मोडून वाकड्या जुळलेल्या बोटांनी त्याने तिला घेतलं, खांद्यावर टाकलं आणि पाठ चोळायला लागला. मी भिंतीला टेकले, माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकत होते.

धनश्री अनवाणी उंबऱ्यापर्यंत आली. पुढे लोखंडी जिना होता, त्यावर पाऊल ठेवलं असतं तर कातडी निघाली असती. ती उंबऱ्यातच थांबली, एक हात चौकटीवर. तिच्या मागून घरातली थंड हवा बाहेर येत होती. "जुई," ती म्हणाली. "जुई, इकडे बघ. मम्मी आहे. माझ्याकडे बघ ना."

जुईच्या गालांवर रंग चढायला लागला. पापण्या हलल्या, एकदा, मग भराभर. तिने बापाच्या मानेभोवती हात टाकले. डोकं वर काढून इकडे तिकडे बघितलं, रस्ता बघितला, मला बघितलं. इतक्या दिवसांनी माझी जुई मला दिसली, माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि गालावरच सुकून गेलं. मग तिने दाराकडे बघितलं आणि अंग चोरलं.

"आत्या," ती म्हणाली, स्वच्छ, पूर्वीच्याच आवाजात, "ते दार लाव ना. तिकडून गार येतंय."

मी दाराकडे वळले. पण माझा हात पोचायच्या आधीच धनश्रीने ते आतून ओढून घेतलं.